युरोपातले राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख : शेवटचा रकाना कसा भरायचा?

तळटीप (धागाकर्ता)

प्रश्नमंजूषेसाठी युरोपचा तक्ता करायला घेतलाय. देश, राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख हे रकाने भरायला फार वेळ लागत नाही. अडलंय ते शेवटच्या रकान्यात : खरी सत्ता कोणाकडे?

राजेशाही असेल तिथे 'पंतप्रधान' लिहून मोकळं होता येतं. (लिश्टेनस्टाइनबद्दल शंका आहे.) घोळ आहे तो प्रजासत्ताकांत. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष आणि जर्मनीत चॅन्सेलर (तिथला पंतप्रधानच) हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पोलंड, रोमानिया, पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, फिनलंड यांचं काय?

माझा ढोबळ नियम असा : राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडून येत असेल तर सत्ता त्याच्याकडे, संसदेतून येत असेल तर पंतप्रधानाकडे. चालेल का? नसेल तर दुसरा सुटसुटीत नियम सुचवा. नावं नकोत, ती बदलत राहतात. रचना हवी आहे.

पुणेरी_टोला

पोरांनी तुमचं काय घोडं मारलंय? राजधान्या विचारा, चलनं विचारा. :-)

घटनाघोटाळे

नियम चालणार नाही. आयर्लंड, ऑस्ट्रिया, आइसलंड, स्लोव्हेनिया, फिनलंड, पोर्तुगाल, बल्गेरिया, स्लोव्हाकिया, आणि २०१३ पासून चेकियासुद्धा. या सगळ्या ठिकाणी राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येतो आणि रोजचा कारभार पंतप्रधान हाकतो.

आयर्लंडचंच बघा. सात वर्षांची मुदत, थेट निवडणूक, आणि एवढं असून सरकारच्या संमतीशिवाय राष्ट्राध्यक्षाला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. हे राज्यघटनेतच लिहिलंय. त्याच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे दोनच मोठे अधिकार. एक, विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे तपासायला धाडणं. दोन, बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने सभागृह विसर्जित करायला सांगितलं तर नकार देणं. दुसरा आजवर एकदाही वापरलेला नाही. पहिला वापरला म्हणून १९७६ मध्ये संरक्षणमंत्र्याने राष्ट्राध्यक्ष ओ डाली यांचा जाहीर अपमान केला, सरकारने मंत्र्याला हटवलं नाही, आणि पदाची शान राखायची म्हणून ओ डालींनी राजीनामा दिला.

निवडणुकीची पद्धत पाहून काही कळत नाही. पाच गोष्टी तपासा. पंतप्रधान नेमताना त्याची स्वतःची पसंती चालते का? नेमलेल्याला काढता येतं का? सभागृह स्वतःच्या मर्जीने विसर्जित करता येतं का? विधेयक अडवलं तर तो नकार मोडायला किती मतं लागतात? आणि देश युरोपीय संघात असेल तर ब्रसेल्सच्या शिखर बैठकीला त्या खुर्चीत कोण बसतं?

उत्तरायण

शेवटची कसोटी सगळ्यांत सोपी. २७ देशांपैकी फ्रान्स, सायप्रस, लिथुआनिया आणि रोमानिया एवढ्या चौघांकडून राष्ट्राध्यक्ष जातात. बाकी सगळीकडून पंतप्रधान किंवा चॅन्सेलर. तक्त्यातली निम्मी कोडी तिथेच सुटतात.

सायप्रसमध्ये तर वादच नाही, कारण पंतप्रधान हे पदच नाही. संघातली ती एकमेव निव्वळ अध्यक्षीय पद्धत. १९६० च्या घटनेत उपराष्ट्राध्यक्षपद तुर्की सायप्रसवासीयांसाठी राखलेलं आहे आणि १९६३-६४ च्या यादवीपासून ती खुर्ची रिकामी आहे. तुमच्या तक्त्यात सायप्रसपुढे दोन्ही रकान्यांत एकच नाव येईल.

घटनाघोटाळे

@उत्तरायण, सोपी आहे पण फसवी. रोमानियाचा राष्ट्राध्यक्ष ब्रसेल्सला जातो खरा, पण पंतप्रधानाला काढू शकत नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीत तसं स्पष्ट घातलंय. संसद विसर्जित करायची तर साठ दिवसांत सरकारचे किमान दोन प्रस्ताव फेटाळले गेलेले असावे लागतात. उलट संसद त्यालाच निलंबित करून सार्वमत घेऊ शकते. राष्ट्राध्यक्ष बासेस्कू यांच्यावर ही वेळ दोनदा आली. २००७ मध्ये लोकांनीच त्यांना राखलं. २०१२ मध्ये मतं बहुतांश त्यांच्या विरोधात पडली, पण मतदान निम्म्याच्या खाली राहिलं आणि सार्वमत बाद झालं. समर्थकांनी घरी बसून नेता वाचवल्याचं हे उदाहरण.

मेणबत्ती

खुर्चीवरून भांडणं झालीत म्हणजे ती कसोटी अगदीच कुचकामी नसणार! पोलंडचा २००८ चा तमाशा आठवतोय का कोणाला? पंतप्रधान तुस्क म्हणाले शिष्टमंडळ मी नेणार, राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की म्हणाले मीही येणार. सरकारने सरकारी विमान द्यायला नकार दिला, तर हे भाड्याचं विमान करून ब्रसेल्सला हजर.

उत्तरायण

आणि पुढच्या वर्षी घटना न्यायाधिकरणाने दोघांनाही थोडं थोडं दिलं : जायचं की नाही हे राष्ट्राध्यक्ष ठरवू शकतो, पण तिथे मांडायची भूमिका सरकार ठरवेल. फिनलंडमध्ये हाच वाद जेवणाच्या ताटांवरून ओळखला जातो, कारण शिखर बैठकीच्या मेजवानीत फिनलंडसाठी ताटं किती मांडायची इथपर्यंत प्रकरण गेलं होतं. तिथे २०१२ मध्ये घटनाच बदलली आणि पंतप्रधान जाणार असं लिहून टाकलं. परराष्ट्र धोरण तिथे आजही राष्ट्राध्यक्ष सरकारच्या सहकार्याने चालवतो, पण युरोपीय संघाचा कारभार पूर्ण सरकारचा.

पुणेरी_टोला

दोन ताटं मांडली असती तर घटनादुरुस्तीचा खर्च वाचला असता.

बर्लिनकर

जर्मनीत चॅन्सेलर एवढा भक्कम का, हे मुलांना सांगायचं तर वायमार प्रजासत्ताकापासून, म्हणजे १९१९ ते ३३ च्या जर्मनीपासून, सुरुवात करा. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट निवडून यायचा, चॅन्सेलर नेमायचा-काढायचा, सभागृह विसर्जित करायचा आणि कलम ४८ खाली वटहुकूम काढायचा. १९३० नंतर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हेच सगळं वापरून बहुमत नसलेली सरकारं चालवली, आणि त्याचा शेवट कुठे झाला ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून १९४९ च्या मूलभूत कायद्याने (म्हणजे राज्यघटनेने) राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच बंद केली. आता बुंडेस्टागचे (संसदेच्या थेट निवडून येणाऱ्या सभागृहाचे) सगळे सदस्य आणि तेवढेच राज्यांच्या विधिमंडळांनी निवडलेले प्रतिनिधी मिळून त्याला पाच वर्षांसाठी निवडतात.

दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. कलम ६७ : चॅन्सेलरला हटवायचं तर त्याच ठरावात नव्या चॅन्सेलरचं नाव द्यायचं आणि त्याला एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं मिळवून द्यायची. नुसतं 'हा नको' म्हणता येत नाही. हे आजवर दोनदाच करून पाहिलं गेलं. एप्रिल १९७२ मध्ये विरोधी नेते बार्झेल यांना चॅन्सेलर ब्रांट यांच्या विरोधात २४९ हवी होती, मिळाली २४७. (दोन मतं पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्तचर खात्याने विकत घेतली होती हे पुढे उघड झालं.) १ ऑक्टोबर १९८२ ला कोल यांनी २५६ मतं घेऊन श्मिट यांना हटवलं. बस्स.

मग मुदतीआधी निवडणूक लागते कशी? कलम ६८. चॅन्सेलर स्वतःच विश्वासदर्शक ठराव मांडतो आणि ठरवून हरतो. शोल्त्स यांनी १६ डिसेंबर २०२४ ला तेच केलं : बाजूने २०७, विरोधात ३९४, तटस्थ ११६. हरल्यावर राष्ट्राध्यक्षाला २१ दिवसांत विसर्जनाचा निर्णय घ्यावा लागतो आणि विसर्जनानंतर ६० दिवसांत निवडणूक. २३ फेब्रुवारी २०२५ ला ती झाली.

कोकणकडा

बर्लिनकर, मग निवडून आलेल्या आघाडीचाही चॅन्सेलर पहिल्या फेरीत पडू शकतो का?

बर्लिनकर

६ मे २०२५ ला पडलाच. मर्झ यांच्या आघाडीचे ३२८ सदस्य, लागणार होती ३१६, मिळाली ३१०. मतदान गुप्त, त्यामुळे कोण फुटलं ते कळायला मार्ग नाही. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ३२५ मिळाली. पहिली फेरी फसली की सभागृहाकडे १४ दिवस असतात. त्यातही पूर्ण बहुमत कोणाला मिळालं नाही तर शेवटच्या फेरीत सगळ्यांत जास्त मतं घेणारा पुढे येतो, आणि तिथे मात्र राष्ट्राध्यक्षाचा हात खरा चालतो : सात दिवसांत त्याला नेमायचं की सभागृह विसर्जित करायचं हे तोच ठरवतो. जर्मन राष्ट्राध्यक्षाची सगळी खरी ताकद अशा बिघाडाच्या जागी ठेवलेली आहे.

निळीशाई

ही 'आधी नवा आणा, मग जुना काढा' पद्धत स्पेनने उचलली. पहिले अनेक प्रयत्न फसले. १ जून २०१८ ला पंतप्रधान राहोय गेले आणि सांचेझ आले, १८० विरुद्ध १६९ मतांनी. तिथला खरा सापळा वेगळा आहे. निवडणुकीनंतर उमेदवाराला पहिल्या मतदानात ३५० पैकी १७६ हवीत. फसलं तर ४८ तासांनी साधं बहुमत पुरतं. तेही नाही मिळालं तर पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांचं घड्याळ सुरू होतं, आणि ते संपलं की संसद आपोआप बरखास्त. २०१५ ची निवडणूक २०१६ मध्ये आणि एप्रिल २०१९ ची नोव्हेंबरमध्ये पुन्हा घ्यावी लागली ती यामुळेच. राजा फक्त नाव सुचवतो.

सभापती_महोदय

राजाला तेवढंही नको म्हणून स्वीडनने १९७५ पासून ते काम सभापतीकडे दिलं. राजा कायद्यांवर सही करत नाही, पंतप्रधान नेमत नाही. संसदेच्या वर्षाचं उद्घाटन करतो आणि परराष्ट्र सल्लागार मंडळाचा अध्यक्ष असतो. सभापती चार नावांपर्यंत प्रस्ताव आणू शकतो. चारही पडले की तीन महिन्यांत निवडणूक.

मतदानाची पद्धत उलटी आहे. बाजूने किती हे कोणी विचारत नाही, विरोधात १७५ आहेत का (३४९ पैकी) एवढंच पाहतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्डालेना अँडरसन यांना बाजूने ११७ आणि विरोधात १७४ मतं पडली, म्हणजे त्या निवडून आल्या. काही तासांत हरित पक्ष सरकारबाहेर पडला म्हणून त्यांनी राजीनामा दिला. पाच दिवसांनी पुन्हा मतदान : बाजूने १०१, विरोधात १७३, तटस्थ ७५. पुन्हा विजयी!

मेणबत्ती

१०१ विरुद्ध १७३ आणि विजयी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा नियम कळू देऊ नका.

तळटीप

उत्तम माहिती मिळतेय. पण ऑस्ट्रिया? तिथल्या राष्ट्राध्यक्षाला चॅन्सेलर काढता येतो असं वाचलं. मग घटनाघोटाळेंच्या कसोटीत तो सत्ताधीश ठरायला हवा.

घटनाघोटाळे

कागदावर ठरतोच. १९२९ च्या घटनादुरुस्तीपासून तो चॅन्सेलर नेमतो, हवा तेव्हा चॅन्सेलरला किंवा सगळ्या मंत्रिमंडळाला घरी पाठवू शकतो, त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही. सरकारच्या प्रस्तावावर सभागृहही विसर्जित करू शकतो, फक्त एकाच कारणासाठी एकदाच. तसं विसर्जन १९३० मध्ये एकदाच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्यांनी हे अधिकार म्यानात ठेवले, कारण काढलेल्या चॅन्सेलरच्या जागी आणलेला नवा माणूस राष्ट्रीय परिषदेत (संसदेच्या मुख्य सभागृहात) अविश्वास ठरावाने दुसऱ्या दिवशी पडेल.

बर्लिनकर

म्यानातून निघतात ते मोकळ्या मैदानात. मे २०१९ मध्ये कुर्त्स सरकार अविश्वास ठरावाने पडलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष फान देर बेलेन यांनी घटना न्यायालयाच्या अध्यक्षा ब्रिगिट बीरलाइन यांना चॅन्सेलर नेमलं. कुठल्याच पक्षाची आघाडी तयार नव्हती, म्हणून त्यांची पसंती चालली.

अवांतर : याच फान देर बेलेन यांची २०१६ ची निवडणूक म्हणजे कारकुनी चुकांचा नमुना. मे महिन्याच्या दुसऱ्या फेरीत ते ३०,८६३ मतांनी जिंकले. टपाली मतं काही मतदारसंघांत वेळेआधी आणि नको त्या लोकांनी उघडली म्हणून घटना न्यायालयाने १ जुलैला निकाल रद्द केला. गैरप्रकार झाल्याचा पुरावा नव्हता, पण तेवढ्या मतांनी निकाल फिरू शकतो एवढं न्यायालयाला पुरेसं होतं. फेरमतदान २ ऑक्टोबरला ठरलं, तर टपाली पाकिटांचा डिंक सुटायला लागला! पाकीट उघडं म्हणजे मत बाद. शेवटी मतदान ४ डिसेंबरला ढकललं.

पुणेरी_टोला

प्रजासत्ताक टिकवायला राज्यघटना आणि चांगला डिंक, दोन्ही लागतात.

गोंयकार

पोर्तुगाल राहिला की! तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या विसर्जनाच्या अधिकाराला तिथलेच लोक 'अणुबॉम्ब' म्हणतात. पक्षांशी आणि राज्य परिषदेशी (राष्ट्राध्यक्षाच्या सल्लागार मंडळाशी) बोलून घ्यायचं, पण ऐकायची सक्ती नाही. फक्त नव्या सभागृहाचे पहिले सहा महिने आणि स्वतःच्या मुदतीचे शेवटचे सहा महिने बॉम्ब टाकता येत नाही. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सांपायू यांनी बहुमत असलेल्या सरकारवर टाकला.

आणि आमच्या बाबुशवर दोनदा पडला. माजी पंतप्रधान आंतोनियु कॉश्ता हो. वडील लेखक ओर्लांदु द कॉश्ता, कुटुंब मडगावचं. २०२१ मध्ये अंदाजपत्रक नामंजूर झालं म्हणून सभागृह गेलं, तर जानेवारी २०२२ मध्ये बाबुश पूर्ण बहुमत घेऊन परत आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने राजीनामा दिला तेव्हा पक्षाकडे बहुमत होतं, दुसरं नावही सुचवलं होतं. राष्ट्राध्यक्षाने ते न घेता निवडणूक लावली. म्हणजे रोजचा कारभार पंतप्रधानाकडे, पण खेळ कधी थांबवायचा ते राष्ट्राध्यक्षाकडे. तुमच्या रकान्यात हे कसं लिहिणार?

कोकणकडा

गोव्याने दर्यावर्दी पाठवला तर सिंधुदुर्ग मागे कसा राहील? आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावचं कूळ. २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ असे दोनदा. मधली अडीच वर्षं खुर्ची मायकल मार्टिन यांच्याकडे, कारण तीन पक्षांच्या आघाडीच्या करारातच अदलाबदल लिहिलेली होती. २०१७ ते २०२० मध्ये युरोपीय शिखर बैठकीच्या टेबलावर मडगाव आणि वराड एकाच वेळी होते!

गोंयकार

बाबुश अजूनही आहे तिथेच. १ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचा, म्हणजे त्याच शिखर बैठकीचा, अध्यक्ष. मुदत अडीच वर्षांची, एकदा वाढवता येते. गंमत म्हणजे हे पद राष्ट्रप्रमुखाचंही नाही आणि शासनप्रमुखाचंही नाही, त्यामुळे मतदान झालंच तर अध्यक्षाला मत नसतं.

निळीशाई

मुद्द्यावर येऊ. फ्रान्सला एवढं सोपं समजू नका. १९५८ च्या घटनेत राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतो असं आहे, काढतो असं कुठेही नाही. राजीनामा पंतप्रधानाने द्यायचा. राष्ट्राध्यक्षाचाच पक्ष सभागृहात असतो तेव्हा तो मागितल्यावर मिळतो, विरोधी पक्षाचं बहुमत आलं की मागायची सोय उरत नाही. (आधी राष्ट्राध्यक्ष, मग पंतप्रधान) १९८६ ते ८८ मितेराँ-शिराक, १९९३ ते ९५ मितेराँ-बालादूर, १९९७ ते २००२ शिराक-जोस्पँ. या तीन काळांत देशांतर्गत कारभार पंतप्रधानाने चालवला. राष्ट्राध्यक्षाकडे संरक्षण आणि परराष्ट्र उरलं, तेही भांडत.

म्हणून २००० च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची मुदत सातावरून पाच वर्षं केली आणि संसदेची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या लगेच नंतर येईल अशी सोय झाली. नवा राष्ट्राध्यक्ष ताज्या लाटेवर बहुमत घेऊन येणार हा हिशेब. २०२२ मध्ये तो चुकला. जून २०२४ च्या विसर्जनानंतर सभागृहाचे तीन तुकडे झाले, आणि डिसेंबरात बार्निए सरकार अविश्वास ठरावाने पडलं. असं त्याआधी फक्त १९६२ मध्ये पोंपिदू यांच्या बाबतीत घडलं होतं. शिवाय एकदा विसर्जन केलं की वर्षभर दुसरं करता येत नाही, म्हणजे तेवढा काळ राष्ट्राध्यक्षाचे हात बांधलेले.

मेणबत्ती

म्हणजे फ्रान्ससमोर 'निवडणुकीचा निकाल बघून' असं लिहायचं!

सभापती_महोदय

राजेशाहीकडे कोणी बघतच नाहीये. @तळटीप, तुमची लिश्टेनस्टाइनची शंका रास्त आहे. २००३ मध्ये राजपुत्र हान्स-आडाम यांनी सार्वमत घेऊन अधिकार वाढवून घेतले. सरकार बरखास्त करणं, कायदा नाकारणं, न्यायाधीश निवडीत निर्णायक शब्द. २०१२ मध्ये त्यांचा नकाराधिकार छाटण्याचा प्रस्ताव ७६ टक्के मतदारांनी फेटाळला. २००४ पासून रोजचं काम युवराज आलोइस बघतात. मोनाकोतही सरकार राजपुत्राला जबाबदार आहे, २४ जणांच्या राष्ट्रीय परिषदेला नाही. या दोन ठिकाणी बिनधास्त 'राजपुत्र' लिहा.

लक्झेंबर्गमध्ये २००८ मध्ये ग्रँड ड्यूक आंरी यांनी इच्छामरणाच्या कायद्याला मान्यता द्यायला नकार दिला. पंतप्रधान युंकर यांनी घटनाच बदलली. आता ड्यूक कायदा फक्त जारी करतो, मंजूर करत नाही. बेल्जियमने जास्त चतुराई दाखवली. १९९० मध्ये राजा बोदुआँ गर्भपाताच्या कायद्यावर सही करेनात. राजा 'राज्य करण्यास असमर्थ' आहे असं मंत्रिमंडळाने जाहीर केलं, राजाच्या वतीने स्वतः सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाला परत समर्थ ठरवलं. ते कलम आजारपणासाठी होतं.

कोकणकडा

आपल्याकडे ४२ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक केला, ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला पाठवायची मुभा दिली. पण सहीला मुदत घातलेली नाही, म्हणून १९८६ चं टपाल विधेयक झैलसिंगांना नुसतं पडून ठेवता आलं. बोदुआँना ही सोय नव्हती वाटतं.

घटनाघोटाळे

@कोकणकडा, मुद्दा चांगला. सही कोण करतो यापेक्षा सही न केल्यास पुढे काय, हे बघायचं. पोर्तुगालमध्ये नकार मोडायला सहसा २३० पैकी ११६ मतं पुरतात. बल्गेरियात २४० पैकी १२१. जे सरकार बहुमतात आहे त्याला हे जमतंच, म्हणजे तो नकार नुसता उशीर करतो. पोलंडमध्ये तीन पंचमांश लागतात आणि ते सहसा कोणाकडेच नसतात. त्यामुळे पोलंडच्या राष्ट्राध्यक्षाला पंतप्रधान काढता येत नाही, सभागृहही मनात आलं म्हणून विसर्जित करता येत नाही, पण सरकारचा कायद्यांचा कार्यक्रम तो पूर्ण रोखू शकतो. शेवटच्या रकान्यात 'पंतप्रधान' लिहा आणि कंसात 'राष्ट्राध्यक्ष अडवू शकतो'.

तळटीप

आता एकापेक्षा जास्त माणसं असलेले देश सांगा. स्वित्झर्लंडला नेमकं कोणाचं नाव टाकू?

बर्लिनकर

सात नावं टाका. सात जणांची संघीय परिषद हीच राष्ट्रप्रमुख आणि हीच सरकार. दोन्ही सभागृहांचे २४६ सदस्य गुप्त मतदानाने चार वर्षांसाठी निवडतात. अध्यक्षपद १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, त्या काळातही स्वतःचं खातं सांभाळायचंच, आणि लागोपाठ दुसरं वर्ष मिळत नाही. अविश्वास ठरावाची तरतूदच नाही. मुदत संपल्यावर पुन्हा न निवडणं हा एकच मार्ग, आणि तो क्वचित वापरतात. २००७ मध्ये परिषदेचे सदस्य ब्लोखर यांच्यावर वापरला. खरी भीती लोकांची : १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की संसदेचा कायदा सार्वमताला जातो.

निळीशाई

सान मारिनोत दोन कॅप्टन रीजेंट, मुदत फक्त सहा महिने. १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला शपथ. १२४३ पासून हे चालू आहे. एकदा पद भूषवलं की तीन वर्षं पुन्हा नाही, आणि पायउतार झाल्यावर नागरिक त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रार नोंदवू शकतात. पंतप्रधान नाही; परराष्ट्र व्यवहार सचिव त्यातल्या त्यात पुढे असतो.

अँडोरात दोन सहराजपुत्र : स्पेनमधल्या उर्खेलचा बिशप आणि फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष. १२७८ चा करार बिशप आणि फ्वाच्या काउंटमध्ये झाला, काउंटचा वारसा नावारच्या राजाकडे, तिथून चौथ्या हेन्रीबरोबर फ्रान्सच्या गादीकडे, आणि गादी गेल्यावर राष्ट्राध्यक्षाकडे आला. दोघांपैकी एकालाही अँडोराचा मतदार निवडत नाही. १९९३ च्या घटनेपासून सत्ता तिथल्या शासनप्रमुखाकडे.

मेणबत्ती

थोडक्यात, फ्रेंच मतदार एकाच मतपत्रिकेत राष्ट्राध्यक्ष आणि परदेशचा राजपुत्र निवडतात. एकावर एक फ्री.

घटनाघोटाळे

बोस्निया विसरू नका, तिथे विनोद नाही. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारापासून (१९९५) तीन जणांचं अध्यक्षमंडळ : एक बोस्निआक, एक क्रोएट, एक सर्ब. अध्यक्षस्थान दर आठ महिन्यांनी फिरतं. एखादा निर्णय आपल्या गटाच्या जिव्हाळ्याच्या हिताला मारक आहे असं एका सदस्याने तीन दिवसांत जाहीर केलं की तो त्या गटाच्या प्रतिनिधींकडे जातो, आणि दहा दिवसांत त्यांच्या दोन तृतीयांश मतांनी रद्द होतो. या तीन गटांत न बसणाऱ्याला उभंच राहता येत नाही. एक रोमा आणि एक ज्यू नागरिक युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, २००९ मध्ये जिंकले, तरतूद मात्र तशीच आहे. आणि या सगळ्यांच्या वर आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी. १९९७ पासून त्याला कायदे लादण्याचे आणि निवडून आलेल्यांना पदावरून काढण्याचे अधिकार आहेत.

सभापती_महोदय

रिकाम्या खुर्चीचाही रकाना ठेवा. २०१०-११ मध्ये बेल्जियम ५४१ दिवस पूर्ण अधिकाराच्या सरकारविना होता. काळजीवाहू सरकारने फक्त चालू कामकाज बघायचं असतं, पण तेवढ्यातच संसदेच्या संमतीने त्यांनी लिबियातल्या मोहिमेसाठी लढाऊ विमानंही पाठवली. नेदरलँड्सने २०१२ मध्ये सरकार जुळवण्यातून राणीला बाजूला काढून ते काम सभागृहाकडे दिलं. म्हणून वेग वाढला असं नाही, २०२१ च्या निवडणुकीनंतर २९९ दिवस लागले.

तळटीप

ठीक. मग असं करतो. 'खरी सत्ता' हा रकाना काढून त्याजागी तीन छोटे रकाने : पंतप्रधानाला कोण काढू शकतं, सभागृह कोण विसर्जित करू शकतं, कायदा अडला तर किती मतं लागतात. रशिया आणि बेलारूस यातच बसतील ना?

उत्तरायण

तीन रकाने बरोबर, पण रशियासाठी तेही पुरणार नाहीत. २००८ ते २०१२ मध्ये घटना तीच, अधिकार तेच, राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव, पंतप्रधान पुतिन. कोणाचं चालत होतं ते सांगायला नको. युक्रेनपुढे वर्ष लिहा : २००४ च्या दुरुस्त्यांनी राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी केले, २०१० मध्ये न्यायालयाने त्या रद्द केल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने परत आणल्या.

बर्लिनकर

आणि तक्त्याच्या डोक्यावर तारीख टाका. स्वित्झर्लंड १ जानेवारीला बदलतो, सान मारिनो एप्रिल-ऑक्टोबरात, बोस्निया दर आठ महिन्यांनी. मार्चमध्ये छापून एप्रिलमध्ये स्पर्धा घेतलीत तर सान मारिनोची दोन्ही नावं चुकलेली असतील.

तळटीप

स्पर्धा ५ एप्रिललाच आहे. सान मारिनोची ओळ पेन्सिलने भरतो.